दहाव्याला बोलावलेली नोटरी

वडिलांच्या दहाव्याला घरी नोटरी बोलावली, ती मी. घरातला पहिला ग्रॅज्युएट मीच, त्यामुळं असल्या कल्पना मलाच सुचतात.

तसं कारणही होतं. फुलंब्रीचं घर आईच्या नावावर करायला आम्हा तिघा भावांचं ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. थोरला भगवानदादा संध्याकाळच्या गाडीनं सुरतला परत चालला होता. आज तो रडत रडत "सगळं आईचं" म्हणत होता. चार दिवसांनी डोळे कोरडे झाल्यावर काय म्हणेल, देव जाणे!

संभाजीनगरात घरपोच नोटरी मिळते, हे मी मोबाइलवर शोधून काढलं. दुपारी मॅडम फुलंब्रीत आल्या. स्कूटीवर, काळ्या कोटात, डिकीत शिक्के नि रजिस्टर. दारात काळा कोट दिसताच आत्यानं पुन्हा गळा काढला, "आता आनखी कोण गेलं गं बाई!"

मॅडमनी आधार कार्डं पाहिली. मग आम्हाला पाहिलं. मग पुन्हा कार्डं.

सकाळीच आमची मुंडणं झाली होती. डोकं, दाढी, मिशा, सगळं साफ! कार्डांवर तीन झुपकेदार मिशावाले आणि समोर सतरंजीवर सोललेली तीन उकडलेली अंडी.

"यातले भगवान कोण?"

"मी," दादा म्हणाला.

"आणि हे कार्ड?"

धाकट्या राजूनं निरखून पाहिलं. "मीच असंल."

"असंल म्हणजे? शपथेवर सांगायचंय!" मॅडम म्हणाल्या.

मी ऐटीत माझा पदवीदान समारंभाचा फोटो पुढं केला. (त्यात माझे केस खांद्यापर्यंत!)

"हे तर चौथेच कोणीतरी!" मॅडमनी रजिस्टर मिटलं. "ओळख पटवणारा बाहेरचा माणूस आणा. नाहीतर केस आल्यावर बोलवा."

केस येईपर्यंत दादा कुठला थांबतोय!

तेवढ्यात ओट्यावर जेवायला थांबलेल्या सात शेजाऱ्यांत वस्तरा पुसत बसलेला संतोष न्हावी उठला. "म्याडम, ह्यांची आधीची तोंडं मी पाह्यलीत, नंतरचीबी. मीच केलीत की!"

असा साक्षीदार लाखात एक! संतोषनं दादाच्या डोक्यावर हात ठेवला. "हे भगवानदादा." मग राजूच्या. "हा राजू. टाळूवर दगडाची खूण हाय, बघा." मग माझ्या डोक्यावर ठेवला आणि तो हात तिथंच थांबला.

"ह्यांला नाय वळखत. रांगेत बसले, म्हणून हजामत केली."

"अरे, मी मधला!"

"असाल हो. पर आठ वर्सं झाली मला इथं दुकान टाकून. तुमचं डोकं आज पैल्यांदा पाह्यलं."

फुलंब्रीहून रोज माणसं संभाजीनगरला कामाला जाऊन येतात. मी तिथंच राहतो. ओट्यावरच्या शेजाऱ्यांनीही मला न्याहाळून नकारार्थी माना हलवल्या.

शेवटी मॅडम भिंतीला टेकलेल्या आईकडं वळल्या. "आजी, हा तुमचाच ना?"

दहा दिवसांत आई पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत होती.

"माझाच. मयतीच्या दिवशी ह्या दोघांनी बापाला खांदा दिला. हा कानाला मोबाईल लावून पुढं चालत सगळ्यांना सूचना देत व्हता."

"व्हय व्हय! ह्योच त्यो!" सगळा ओटा एका दमात ओरडला, आणि संतोषनं माझ्या नावापुढं सही ठोकली.

घर आईचं झालं. साक्षीदार एक पुरला असता. मला आठ मिळाले!