शर्यतीला हिरवं चालत नाही

तो आवाज कानांना कळायच्या आधी तळपायांना कळतो. प्रेक्षागाराच्या छपरावर जाणारा लोखंडी जिना मी चढत होते, तर आधी पायऱ्या थरथरू लागल्या, मग पोटऱ्या, मग दात. आणि त्यानंतर कुठे ती गर्जना कानांवर येऊन आदळली. वर शरदातलं निर्मळ, निरभ्र आकाश, दूरवर जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या कारखान्यांच्या धुराड्यांचा धूसर धूर, आणि खाली काँक्रीटच्या भिंतीने वेढलेल्या लंबवर्तुळात एकमेकींना घासत धावणाऱ्या गाड्या. त्यांतल्या एकीत माझा जावई होता. जावई कसा असावा याच्या कितीतरी कल्पना मी पुण्यात बसून केल्या होत्या, पण भिंतीपासून वीतभर अंतरावरून गाडी पळवणारा त्यांत कुणी नव्हता, बाई!

कर्टिस मूळचा अमेरिकेच्या दक्षिणेतला. स्टॉक कार म्हणजे बाहेरून तुमच्याआमच्या दारातल्या गाडीसारखी दिसणारी, आत मात्र नुसत्या लोखंडी सळ्या आणि राक्षसी इंजिन असलेली गाडी. तांबड्या मातीच्या गावठी धावपट्ट्यांवर तो ती चालवायला शिकला. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्याच गाड्या चालवल्या. कुणाचा हात मोडला, कुणाचं मालकाशी बिनसलं, की ऐन वेळी याला बोलावणं! नाटकमंडळीत सगळ्यांच्या भूमिका पाठ असलेला एक बदली नट असतो ना, तसा. पहिला नंबर त्याने कधी पाहिला नाही. मागे एकदा स्टुटगार्टच्या स्टेशनवर काळ्या मखमली जाकिटातले, ढगळ विजारींचे दोन तरुण सुतार मला दिसले होते. पाठीवर बोचकं, हातात वाकडी काठी. शिकणं संपलेलं, उस्ताद व्हायचं बाकी, म्हणून गाव सोडून मिळेल तिथे काम करत भटकायचं, ही इथली जुनी रीत असल्याचं मुक्ताने, माझ्या लेकीने, सांगितलं आणि हसत पुढे म्हणाली, “आई, आमचा कर्टिस अजून यांच्यातलाच आहे.” मला काही हसू आलं नाही. त्या सुतारांना निदान भिंत बांधायची असते, तिच्यावर आदळायचं नसतं.

मुक्ता स्टुटगार्टला ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तिथे चाचणीच्या गाड्या चालवायला आलेल्या या माणसाशी तिने लग्न केलं, आणि सुट्टीच्या दिवशी ती त्याचे डोळे झाली. खरंच डोळे! लोखंडी जाळीत जखडलेल्या चालकाला बाजूचं, मागचं काही दिसत नाही. म्हणून छपरावर उभं राहून कुणीतरी रेडिओवरून त्याला सांगावं लागतं, आतल्या बाजूला गाडी आहे, बाहेरच्या बाजूला आहे, आता मोकळं आहे. दुसऱ्यांनी चोरून ऐकलं तरी कळू नये म्हणून हे दोघं ते मराठीत बोलतात. “आत आहे, आत आहे, मोकळं!” तिचं ते अखंड बोलणं ऐकताना मला वाटे, संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं? तरीही माझी भीती तसूभर कमी होत नसे. माझा नवरा हमरस्त्यावर अपघातात गेला. सकाळी चहा अर्धा टाकून निघालेला माणूस! दवाखान्याच्या बाकावर बसले असताना कुणा बाईने मायेनेच माझ्या हातांतल्या बांगड्या उतरवल्या होत्या. त्या क्षणाचा गारवा अजून माझ्या मनगटांवर आहे.

आता तुम्हीच सांगा, सातवा महिना लागलेल्या लेकीला मी हिरवा चुडा भरणार नाही तर काय करणार? पुण्याहून जपून आणलेल्या काचेच्या बांगड्या शर्यतीच्या आदल्याच दिवशी डोहाळजेवणात तिच्या हातांत भरल्या. वाटेत खायला म्हणून भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगाही बांधून घेतल्या. आणि सकाळी गाडी ठेवतात त्या शेडमध्ये आम्ही पाऊल टाकलं मात्र, म्हातारा मुख्य मेकॅनिक हँक, तोही अमेरिकेतलाच, भूत पाहिल्यासारखा मागे सरला. त्यांच्या शर्यतीच्या जगात टरफलासकट शेंगा अशुभ, आणि हिरवा रंग तर त्याहून अशुभ! जुने लोक हिरवा मोजासुद्धा घालत नाहीत म्हणे. मी दोन्ही अपशकुन हौसेने नटवून आणले होते.

शेंगा मी मुकाट्याने बाहेर ठेवून आले. पण हँक मुक्ताच्या हातांकडे बोट दाखवून म्हणाला, “तेही काढ, पोरी.” नवरा मृत्यूच्या तोंडाशी निघालेला, पोटात बाळ, आणि हिने हात मोकळे करायचे? त्याचं भय मला कळत होतं हो, त्याने या रंगाबरोबर माणसं गेलेली पाहिली असतील. पण माझंही भय काही उपरं नव्हतं. दोन देशांची दोन भुतं त्या शेडमध्ये समोरासमोर उभी राहिली, आणि मध्ये माझी पोर, एका हाताने दुसरं मनगट धरून. कर्टिसने एकदा हँककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतकी वर्षं हिरव्याला न शिवलेला माणूस तो! मग शिकवलेल्या मराठीत, एकेक शब्द वेचत, म्हणाला, “आई, राहू द्या.” हँकने पाठ फिरवली.

छपरावर मी कानांवर जाडजूड टोप्या चढवून मुक्ताशेजारी उभी होते. देवाचं नाव घ्यायचं, तर तेही आठवेना. शर्यत संपत आली असेल, आणि समोरच्या वळणावर पुढच्या दोन गाड्या एकमेकींत अडकून गरगरल्या. पांढऱ्या धुराचा डोंगर उठला आणि कर्टिसची गाडी त्यात शिरली. मी लेकीकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं, बोट रेडिओच्या बटणावर घट्ट दाबलेलं होतं, आणि आवाज नव्हता. भीतीने तिची वाचाच बसली होती! नुसता हात लटलट कापत होता. माझी मनगटं गार पडली. मी मिटलेले डोळे उघडले, तेव्हा धुराच्या खालच्या कडेने त्याची गाडी बाहेर येत होती, एक कूस फाटलेली, पण सरळ.

नंबर आला कितवातरी, नेहमीसारखाच. शेडमध्ये परतल्यावर त्याने हेल्मेट काढलं, मुक्ताचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. धुरात काही दिसत नव्हतं, तो सांगू लागला. रेडिओवर शब्द नव्हता. बंद पडला असं वाटून पाय ब्रेककडे गेलाच होता, आणि ब्रेक दाबला असता तर मागचे सगळे अंगावर आले असते. “मग बांगड्या वाजल्या,” तो म्हणाला. म्हणजे ती आहे. पाहते आहे. त्याने पाय मागे घेतला आणि हात सरळ ठेवले. हँक बाहेर जाऊन माझी शेंगांची पिशवी घेऊन आला, आणि दारातच उभा राहून एक शेंग फोडली.

माझं भय गेलं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. वसंतात पुन्हा शर्यत आहे, कुणाच्यातरी जागी पुन्हा बोलावणं आलंय, आणि ‘हो, अगदी बरोबर’ अशा अर्थाचं जर्मन “या, गेनाऊ” करत मुक्ता फोनवर हॉटेल ठरवते आहे. स्टुटगार्टच्या या घरात मी दुपारी भाजी निवडत बसते. शेजारच्या खोलीत किणकिण चालू असते, तोवर ठीक असतं. ती थांबली की माझ्या तळपायांना फरशी थरथरल्याचा भास होतो. मग मी हाक मारते, “मुक्ता, काय करतेस गं?” ती आता शब्दाने उत्तर देत नाही. जिथे असेल तिथून नुसता हात हलवते.