दोन काचांच्या मधात

अख्ख्या वऱ्हाडात सूर्याशी जातीनं वैर धरून बसलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही अमरावतीकर उन्हाळ्याला दोन शिव्या देतो, खिशात कांदा टाकतो आणि कामाला लागतो. अकोल्याच्या भाऊजींचं तसं नाही. त्यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे त्यांना ऊन लागत नाही, प्रारण लागतं. "उष्णता तीन रस्त्यानं येते," ते दारात चपला काढायच्या आधीच सुरू करतात, "वहन, अभिसरण अन् प्रारण. तुमच्या अमरावतीले तिन्ही येतात, पण लाजत लाजत. अकोल्याले बिनधास्त!" उन्हाचा जेवढा राग, तेवढाच गर्व. टीव्हीवर चंद्रपूरचा पारा अकोल्याच्या वर गेला की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नाही.

कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला घेण्याआधी ते खिडकीच्या काचेवर तळहात ठेवतात, वैद्य नाडी बघतो तसा. भाचीसाठी स्थळ बघायला आम्ही चांदूर बाजारला गेलो होतो. मुलाचे वडील संत्र्याच्या बागेचं सांगत होते आणि भाऊजी उठून काच चाचपत होते. परतताना मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाले, "पोरगा लाखात एक हाय. पण खिडक्या पश्चिमेच्या, अन् काच एकेरी." भाचीनं पुढे पुण्यातला मुलगा स्वतःच पसंत केला. तेव्हाही भाऊजींनी आधी घराच्या खिडक्यांची दिशा विचारली, मग जावयाचं नाव.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ताई गच्चीवर कुरड्या घालायला गेली आणि तिथंच चक्कर येऊन पडली. ऊन लागलं. चार दिवस सलाईन. भाची धावत आली आणि दवाखान्यातच तिनं निकाल दिला, की घर विकायचं, दोघांनी पुण्याला यायचं. "मले नाही यायचं," ताई पडल्या पडल्या म्हणाली. चाळीस वर्षं एका गल्लीत काढलेली बाई, तिला पुण्यात काय करमणार? त्यावर भाऊजींनी मुलीजवळ मुदत मागितली. "पुढच्या उन्हाळ्यात घरातला पारा पस्तिशीच्या आत ठेवून दाखवतो. नाही जमलं, तर तू म्हणशील तसं."

मग काय विचारता! खिडक्यांना आधी ओली पोती लागली, मग थर्माकोल, आणि शेवटी दुहेरी काचा. बसवणारा कारागीर मीच अमरावतीहून शोधून दिला, त्याचं पाप माझ्या माथी. भाऊजी त्यालाच शिकवायला लागले. "थंड मुलखात याच काचा घरातली ऊब बाहेर जाऊ देत नाहीत, हीटरचं बिल वाचते. आपल्याले त्या उलट्या बसवायच्या." कारागीर डोकं खाजवत म्हणाला, "सर, याच्यात उलटं-सुलटं नसते." "नसते कसं? आपल्याले भट्टी बाहेर ठेवायची हाय! दोन काचांच्या मधात हवा कोंडली की तिथंच गपचूप बसते, उष्णतेची ने-आण करत नाही. वर्गातल्या पोरांसारखं हाय हे."

एप्रिलमध्ये मी गेलो तर दाराच्या फटीसुद्धा रबरानं बंद, आणि हॉलमध्ये मधोमध कूलर घरघरत होता. अरे बाप्पा! तासाभरात माझा सदरा ओला, पापड सादळलेले, आगपेटी पेटेना. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावी, दमट हवेला वाट द्यावी, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही जाणतं. विज्ञानाच्या मास्तरांना आठवलं नाही. "अहो, हे घर हाय का इडलीपात्र?" ताई ओरडली. भाऊजी तापमापक नाचवत म्हणाले, "पण तेहतीस हाय!" दुसऱ्या दिवशी कूलर माळ्यावर गेला आणि एक लहानसा एसी आला. खरं सांगायचं, तर त्या काचांमुळे तो दुपारी दोन तास चालवला तरी पुरतो, आणि बिलही निमूट राहतं.

मे महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा भाऊजी वहीतून भाचीला फोनवर आकडे वाचून दाखवत होते. हॉल तेहतीस, झोपायची खोली बत्तीस, देवघर चौतीस. मी वही ओढून पाहिली. स्वयंपाकघराचा रकाना कोरा होता.

"हे काहून राहिलं?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

त्यांनी मला आत नेलं. तिथली खिडकी जुनीच, एकेरी, दोन्ही झडपा सताड उघड्या. झळा येत होत्या. डोक्यावर ओला पदर घेऊन ताई उभी होती, आणि समोर हातभर अंतरावर शेजारच्या मावशी आपल्या खिडकीतून कैरीच्या पन्ह्याचा पेला पुढे करत होत्या. "काहून वो वहिनी, सकाळपासून आवाज नाही तुमचा?" मग जे दोघींचं सुरू झालं, ते सुरूच राहिलं.

"इथंबी दुहेरी काच लावली होती," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "आठ दिवस दोघी नुसत्या हातवारे करत होत्या. नवव्या दिवशी हिनं मले विचारलं, 'पुण्याले असंच राहते का हो?' त्याच दुपारी काढली, अन् जुनी परत लावली."

एवढं बोलून ते पुढे झाले आणि ताईच्या कपाळावर त्यांनी तळहात ठेवला, काचेवर ठेवतात तसाच. "सरका हो, बोलू द्या," ताई म्हणाली, पण तिनं हात काही झटकला नाही. दर दहा मिनिटांनी ते असेच आत जाऊन येत होते. जून लागायला अजून वीस दिवस होते.