एकाच मापाच्या दोन रेषा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक तळघर आहे. छताला लागून पाइपांची रांग, भिंतीत उंचावर हातभर खिडकी, आणि तिच्यातून दिसतात ती फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं. टेबलावर दोन स्क्रीन. समोर, कोपरं झिजलेल्या स्वेटरात, साठीला टेकलेला एक माणूस. मेंदूच्या या इस्पितळात लहानथोर त्याला फूटपट्टी म्हणत.

डोक्याला चिकटवलेल्या तारांतून मेंदूच्या लहरी टिपतात. डॉक्टरांच्या लेखांसाठी त्या लहरींची चित्रं काढायची, हे त्याचं चौतीस वर्षांचं काम. आधी शाईनं, मग कॉम्प्युटरवर. हट्ट एकच. शेजारी ठेवलेल्या रेषांचं माप एकच हवं आणि कडेला छोटी उभी पट्टी हवी: एवढ्या उंचीला एवढे मायक्रोव्होल्ट वीज. कॉम्प्युटरला मोकळं सोडलं की तो प्रत्येक रेष चौकट भरेपर्यंत ताणतो. मग कुजबूज काय आणि आरोळी काय, दिसायला सारखीच. एका बड्या डॉक्टरांना त्यानं पट्टीवाचून चित्र द्यायला तीनदा नकार दिला, तेव्हापासून हे नाव चिकटलं. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं, तर मापात बसलं नाही म्हणायचा.

आईबाप लवकर गेले. मोठ्या भावानं शाळा सोडून छापखान्यात काम धरलं आणि धाकट्याच्या हाती रंगपेटी दिली. तो दादा आता तिसऱ्या मजल्यावर तीन आठवडे निपचित पडला होता. जिन्यावरून पाय घसरल्याचं निमित्त झालं. श्वास यंत्र घेत होतं.

एके दुपारी डॉक्टरबाईंनी अकरा रुग्णांच्या रेषा पाठवल्या, प्रत्येकाची एक पहिल्या दिवसाची आणि एक विसाव्या दिवसाची. नावं नव्हती, आकडे होते. पण सात नंबरवर दादाला आणलं ती तारीख होती; तो कोण, हे त्याला सांगायला नको होतं. त्यानं सातवी चौकट उघडली. पहिल्या दिवशी लाटा. विसाव्या दिवशीही लाटा, कॉम्प्युटरनं आपल्या मनानं ताणलेल्या. माप बदलायला त्याचा हात पुढं गेला आणि तसाच मागं आला. त्यानं कागद छापला, तीन जिने चढला आणि तो वहिनीच्या हातात दिला.

वहिनीनं तो दादाच्या उशाशी चिकटवला. नर्सला दाखवला, शेजारच्या खाटेवाल्यांना दाखवला. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी यंत्र काढण्याबद्दल बोलायला दोघांना बोलावलं, तेव्हा ती कागद घेऊनच गेली. सही करणार नाही, म्हणाली; या लाटा तुमच्याच माणसानं काढल्यात, आणि त्याच्यासारखा काटेकोर माणूस तुमच्याकडे दुसरा नाही.

डॉक्टरबाईंनी कागद बराच वेळ पाहिला. मग त्याच्याकडे वळून हळूच विचारलं, "पट्टी कुठाय?"

तो खुर्चीवरून उठला. वहिनीला म्हणाला, "चला, खाली चला माझ्याबरोबर."

तळघरात त्यानं तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्यानंच दोन्ही रेषांना एक माप दिलं. पहिलीच्या लाटा होत्या तशाच राहिल्या. दुसरी जमिनीवर टाकलेल्या दोऱ्यासारखी सपाट झाली.

"हे काय केलंत भाऊजी? आधीसारखं करा ते."

त्यानं अडखळत समजावलं. त्या रेषेत ताणल्यावर लाटांसारखे दिसलेले जे बारीक उंचवटे होते, ते सारख्या अंतरानं येत होते. तो मेंदू नव्हे. काळजाची वीज डोक्यावरच्या तारांपर्यंत पोचते, तिचे ते ठोके. डोक्यात काहीच उरलं नव्हतं.

वहिनीनं स्क्रीनवरच्या सपाट रेषेवरून बोट फिरवलं. वरच्या खिडकीतून कुणाच्या तरी चपला घाईनं गेल्या. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि, त्यालाच धीर द्यावा तशी, म्हणाली, "मशीननं फसवलं म्हणायचं. तुमचा काय दोष त्यात."

"मशीननं नाही, वहिनी. मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. चार दिवस तरी दादा आहे असं दिसावं, म्हणून मीच ते तसं ठेवलं."