पाठीवरचं पिल्लू

आमच्या शाळेत नेटवर्क नाही. शाळेच्या मागच्या चढावर मोहाचं एक झाड आहे, तिथे उभं राहिलं की मोबाइलवर एखादी काडी उगवते. मधल्या सुट्टीत मी तिथे जाते. शिक्षकांच्या ग्रुपवर काय आलंय ते बघायचं, उपयोगाचं असेल ते उतरवून घ्यायचं आणि खाली येऊन वर्गात वापरायचं, असा माझा गेल्या काही वर्षांचा रिवाज आहे. जव्हारला खोली, मोखाड्याच्या वाटेवर शाळा, आणि शिक्षण खात्यातल्या सगळ्या बातम्या मोहाखाली.

ग्रुपवर उपयोगाचं फार थोडं येतं. सकाळी फुलं येतात, मग सुविचार, मग आज संध्याकाळपर्यंत भरायची एखादी माहिती. कमी पटाच्या शाळांचं काय होणार, बदल्या कधी होणार, नवी पुस्तकं कशी असणार, याच्या बातम्या येतात, आणि त्यांतली कुठली खरी हे विचारणारे मेसेज बातम्यांपेक्षा जास्त असतात. शैक्षणिक व्हिडिओही येतात. त्यांत गुळगुळीत पुणेरी मराठी बोलणाऱ्या कुणी ताई मुलांना सरकत्या जिन्यावरच्या पायऱ्या मोजायला लावतात. उंटावरून शेळ्या हाकायचं काम. माझी पहिली-दुसरीची पोरं हे देवळात बसल्यासारखी गप्प बसून बघायची. त्यांच्या घरची बोली वेगळी, त्यांना त्यातलं निम्मं कळायचं नाही. मी चिडायची आणि पुन्हा चढावर जाऊन दुसरं काही शोधायची.

आणि एक दिवस ऐकलं की खिचडी शिजवणारी बाई मुलांना गोष्ट सांगतेय. ती पाड्यावरचीच, तिची मुलगी माझ्याकडे दुसरीत. खिचडीला वेळ लागत होता, पोरं ताटं वाजवत होती, तर हिने त्यांना चुलीपाशी बसवून चिंबोरीची, म्हणजे खेकडीची, गोष्ट सुरू केली. भाताच्या बांधात एक चिंबोरी राहते, तिला पाच पिल्लं. रोज संध्याकाळी ती पिल्लं मोजते आणि रोज चारच भरतात. ती बेडकाला विचारते, बगळ्याला विचारते, पुन्हा मोजते. पोरं बोटं दुमडून तिच्याबरोबर मोजत होती, जी माझ्या वर्गात एक ते पाच म्हणताना जांभया द्यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी दारात उभी राहून हसले आणि मग मला थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "ही गोष्ट मोबाइलमध्ये भरून घेऊ या. दुसऱ्या शाळांना पण उपयोगी पडेल."

"मना लाज वाटं, बाई," ती म्हणाली. "मना कांय लिहाय-वाचाय येतं? त्याला तिकडं ठेवा, तोंडासमोर नको."

मग तांदळाच्या डब्यावर मोबाइल ठेवला आणि नुसता आवाज भरला. गोष्टीच्या शेवटी चिंबोरी रडायला लागते, तेव्हा पाचवं पिल्लू तिच्या पाठीवरून म्हणतं, मी इथंच आहे की. हे सांगताना तिने आपल्या मुलीला ओढून पाठुंगळी घेतलं आणि म्हणाली, "आन ती पाठीवरची कोण? हीच ना, मनी पोर!" मग ती हसली. तिचं हसणं मोठं होतं, डब्याच्या पत्र्यावर घुमायचं. मुलगीही खिदळली.

मी त्याच दुपारी सगळं ग्रुपवर टाकलं. थोड्या वेळात तक्रारी आल्या. मॅडम, फाइल मोठी आहे, उघडत नाही. सगळ्यांचीच गत माझ्यासारखी, कुणाला टाकीवर चढून काडी मिळते, कुणाला नदीपलीकडे. म्हणून मी ती कापून लहान केली. कुठे कापायची हे प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. गोष्ट उत्तरापाशी थांबवू नका, प्रश्नापाशी थांबवा, म्हणजे मुलं विचार करतात. "एक कमी हाय. कठं गेला?" इथे मी थांबवली. मोठी फाइल ग्रुपवरून काढली, मोबाइल भरला होता म्हणून तिथूनही काढली. आमच्यात सगळे असंच करतात. आज त्या जागी पुन्हा असते तरी असंच केलं असतं, आणि हेच मला जास्त लागतं.

लहान फाइल मात्र खूप फिरली. पार मोखाड्याच्या पलीकडच्या शाळांतून मेसेज आले की मुलं रोज तीच लावायला सांगतात. मी तिला ते सांगायची आणि ती पदर तोंडाला लावायची.

यंदा भाताची लावणी संपता संपता तिला ताप आला. ओहोळाला पाणी होतं, गाडी पाड्यापर्यंत येत नव्हती. जव्हारला नेलं, तिथून नाशिकला हलवलं. ती परत आली नाही.

मुलगी दिवसकार्य झाल्यावर शाळेत आली. बोलेना, खिचडीच्या रांगेत उभी राहीना. एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "आयसची गोष्ट हाय ना तुमच्याकडं? आयस मना पाठीवर घे ती?"

मी हो म्हणाले. नाही कसं म्हणणार?

मग मी मोहाखाली जाऊन ग्रुपवर लिहिलं. ही बाई वारली. तिची पूर्ण गोष्ट कुणी उतरवून घेतली होती का? तिच्या मुलीला हवी आहे. आधी जोडलेले हात आले, ओळीने. मग गोष्टी यायला लागल्या. इतक्या जणांनी जपून ठेवली होती! मी एकेक उघडायची. कठं गेला, आणि संपली. दुसरी, तीच. तिसरी, तीच. सगळ्या माझ्याच कात्रीच्या. रोज सुट्टीत मी चढ चढायची आणि मुलगी खालून बघत राहायची. दुधाची तहान ताकावर भागत नाही, तिला तर मुळीच भागणार नव्हती.

शेवटी मोखाड्याकडच्या एका गुरुजींचा निरोप आला. माझ्याकडे मोठी फाइल आहे, तुम्हाला हवी ती हीच असणार. फाइल उतरायला सुट्टी संपेपर्यंतचा वेळ लागला, घंटा झाली तरी मी तिथेच. आधी आपण ऐकावी असं वाटलं, पण मुलगी चढ चढून येऊन शेजारी उभी राहिली होती. मी तिथेच बसले, तिला जवळ घेतलं आणि लावली.

आईचा आवाज आला तशी तिने माझा दंड धरला. बेडूक झाला, बगळा झाला. ती ओठ हलवत बरोबर मोजत होती. "एक कमी हाय. कठं गेला?" आणि मोबाइलमधून पन्नासेक पोरं एकदम ओरडली, "पाठीवर!" गुरुजींच्या शाळेतली पोरं होती. गुरुजींनी आपल्या मुलांचं उत्तर पुढे जोडलं होतं, फाइल मोठी त्यामुळे झाली होती. मग टाळ्या, आणि मग काहीच नाही.

मला रडू आवरेना. ती रडली नाही. मोबाइलकडे बघत, मान जरा वाकडी करून वाट बघत राहिली.

"आता आयस हसं," ती म्हणाली. "ते लावा, बाई."