कोंबडा छाप गुलाश

डेन्मार्कमधल्या कोल्डिंग गावच्या डबाबंद मांसाच्या कारखान्यात अबेलोनेइतक्या झपाट्यानं आतडी साफ करणारी दुसरी बाई नव्हती. विधवा, मूल ना बाळ, पन्नाशीची, जिभेला हाड नाही.

पहिल्या महायुद्धात सारा युरोप लढत होता, डेन्मार्क तेवढा तटस्थ होता. तटस्थ म्हणजे काय, ते मालक तोर्प यांनी गावाला दाखवून दिलं. डुकराचं चांगलं मांस इंग्लंडच्या बोटीत चढायचं. उरलेले कान, शिरा, आतडी दळून, वर लाल मिरचीपूड घालून डब्यात भरायची आणि गुलाश, म्हणजे मांसाचा तिखट रस्सा, म्हणून जर्मन फौजेला विकायची. झाकणावर कोंबडा छापलेला असे, आत कोंबडा सोडून वाट्टेल ते. गावातल्या लेकुरवाळ्यांना चरबीचा गोळा मिळेना, आणि हा माणूस नव्या मोटारीतून चर्चला जायचा. “आपण कुणाच्याच बाजूचे नाही,” असं वर ऐकवायचा. दोन्हीकडून पैसा येतोय म्हटल्यावर बाजू हवीच कशाला?

मांसाला कधी वास यायचा. “जाऊ दे, जर्मनांच्याच पोटात जायचंय,” असं बाया म्हणायच्या आणि अबेलोने सगळ्यांत मोठ्यानं हसायची. अठराशे चौसष्टच्या जर्मनांशी झालेल्या लढाईत तिच्या बापाचा पाय गेला होता आणि माहेरचं गाव जर्मनांच्या हद्दीत गेलं होतं. भाऊ तिकडेच शेत धरून राहिला, त्याच्या पोराला, निसला, जर्मनांनी फौजेत ओढून नेलं. हे तिला ठाऊक होतं. पण डबा म्हटला की तिच्या डोळ्यांपुढे टोकदार शिरस्त्राणवालेच यायचे, निस नाही. मन सोयीपुरतं आंधळं असतं.

हिवाळ्याच्या तोंडावर निस रजेवर घरी आला आणि फौजेत परत न जाता सरहद्द ओलांडून थेट तिच्या दारात उभा राहिला. नुसती हाडं उरली होती. तिनं राय धान्याचा पाव मांडला आणि सणाला कामगारांना वाटलेला, कपाटात तसाच पडलेला डबा काढला. कोंबडा बघताच निसनं खुर्ची मागे सरकवली.

“आत्या, हा इथं बनतो?”

“मीच भरते.”

त्यानं डबा दूर सारला. मग त्यानं जेसची गोष्ट सांगितली. जेस शेजारच्या शेतावरचा, खंदकात याच्याशी डॅनिशमध्ये बोलणारा एकटाच. “गोळीनं नाही गेला तो. हे खाऊन हगवण लागली, त्यात गेला. आम्ही म्हणायचो, कुणा हरामखोरानं भरलंय हे.” आपण काय बोललो ते कळल्यावर त्यानं मान खाली घातली.

अबेलोनेच्या अंगाची लाही लाही झाली. आधी राग आला स्वतःचा, मग तोर्पचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक पाहुण्यांना कारखाना दाखवत आले. तिनं तोच डबा गरम करून ताटलीत वाढला होता. ताटली आणि चमचा तिनं त्यांच्यापुढे धरला.

“मालक, खा.”

तोर्प हसले. “अबेलोने, हे आपल्या माणसांसाठी नाही.”

“तिकडे आपलीच माणसं आहेत. माझ्या भावाचा पोरगा होता. तुमच्या आईच्या गावची पोरं आहेत.”

तोर्पनी पाहुण्यांकडे पाहिलं. “आपण कुणाच्याच बाजूचे नाही.”

“तेच म्हणतेय मी. त्या पोरांच्याही नाही.”

संध्याकाळी तिला काढून टाकलं. एवढ्या बाया होत्या, एकीनंही मान वर केली नाही. पोटं सगळ्यांनाच असतात, पण तिला ते कधी विसरता आलं नाही. ती आणि निस परक्याच्या शेतात बीट उपटायला जाऊ लागली. हात फुटले, पण हातांना मांसाचा वास येत नव्हता.

वसंतात बाजारात जुनी सोबतीण भेटली. सांगू की नको करत, शेवटी म्हणाली, “तुझ्या बोलण्याचा उपयोग झाला गं. कोंबडा बंद केला मालकांनी. फौजेतून तक्रारी आल्या होत्या म्हणे. आता डब्यावर बैल असतो.”

“आणि आत?” अबेलोनेनं विचारलं.

सोबतीण टोपली सावरत पुढच्या दुकानाकडे निघून गेली.