सोनेरी काठांची पांढरी साडी

माझ्या भावाच्या लग्नात नवरीची आई मांडवात आली, ती पांढरी साडी नेसून. नवरी केरळची. साडीला सुंदर सोनेरी काठ होते, पण आमच्या काकूला ते दिसलेच नाहीत. "लग्नात पांढरं? काही रीतभात आहे की नाही!" ती पुटपुटली. त्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण नजर कळली. त्या उगाचच पदर सारखा करू लागल्या.

आई उठून त्यांच्याजवळ गेली. काठांवरून हात फिरवत तिच्या कामचलाऊ हिंदीत तिने साडीचं कौतुक केलं. विहीणबाई खुलल्या. साडी त्यांच्या आईची होती. त्यांच्याकडे शुभकार्याला अशीच नेसतात.

कपड्यांवरून माणूस कळतो म्हणतात. कळत असेलही, पण जवळ जाऊन विचारलं तर.

दुसऱ्या दिवशी पूजेसाठी आईने त्यांच्याकडून तशीच साडी मागून घेतली. दोघी खोलीत गेल्या, दार लागलं. आतून नुसतं खळखळून हसणं ऐकू येत होतं. काकू बाहेर घुटमळत होती. शेवटी तिनेच दार वाजवलं. "अहो, मलाही बघू द्या की!"