शिट्टीचा फटाका

आख्ख्या पापाकुऱ्यात नरकचतुर्दशीचा पहिला फटाका माझा असतो. दुसरा उडवणारा कुणी नसतोच, त्यामुळे शेवटचाही माझाच.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, म्हणजे चौथीच्या दारापर्यंत. आत घेतलं नाही. मग पुण्यात मेसच्या शेगडीपुढं उभा राहिलो तो राहिलोच. मुलगी आईवर गेली म्हणून शिकली, नर्स झाली, न्यूझीलंडला आली आणि आम्हा दोघांना इथं पापाकुऱ्याला बोलावून घेतलं. आता मी बॉटनी नावाच्या भागात एका टेकअवेमध्ये बटर चिकन ढवळतो. तिथं मला शेफ म्हणतात. घरी बायको म्हणते, "अहो, शेफ, भांडी घासा."

तर फटाके. इथं ते वर्षभर मिळत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गोऱ्या लोकांची आतषबाजी असते, तेव्हा दुकानात तेवढे चार दिवस येतात. दिवाळी त्याच्या आधी आली की हात चोळत बसायचं. म्हणून मी आदल्या वर्षीचा एक डबा जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवला होता. डब्यावर फुलांचं चित्र होतं. खाली इंग्रजीत पुष्कळ काही लिहिलं होतं. मी चित्र वाचलं आणि ठरवलं, हे आपलं झाड असणार. भुईनळा. आवाज नाही, नुसत्या ठिणग्या.

शेजारच्या आजोबांनाही मी कुंपणावरून तसंच सांगून ठेवलं. हात खालून वर फुलवून दाखवला. "फेस्टिवल. मॉर्निंग. फ्लॉवर. नो साउंड." ते म्हणाले, "स्वीट अॅज." म्हणजे इथल्या बोलीत, चालेल.

हे आजोबा गोरे, शंभरीला टेकलेले, एकटे राहणारे. मी त्यांना आजोबाच म्हणतो आणि तेही ओ देतात. माझं इंग्रजी फोडणीपुरतं, म्हणून माझ्याशी ते लहान पोराशी बोलावं तसं सावकाश बोलतात. त्यांच्या किचनचा दिवा रात्रभर चालू असतो. माझ्या बेडरूमच्या खिडकीतून तो दिसतो. पहाटे उठलो की मी आधी तो दिवा बघतो, मग देवाला हात जोडतो.

एकदा मी त्यांच्याकडं बटाटेवडे आणि कांदाभजी घेऊन गेलो होतो. खाता खाता त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी वडे टेबलावर लांब लांब मांडले. म्हणाले, "ह्या विमानं वाहणाऱ्या मोठ्या बोटी." भजी त्यांच्या कडेनं ठेवली. "ह्या राखणीच्या बोटी. ह्या भज्यात मी." चटणीची वाटी लांब सरकवली. "हे ओकिनावा. जपानचं बेट. बेटावर अमेरिकेचे सैनिक जमिनीवर लढतायत, आम्ही समुद्रात, आणि आभाळातून जपानी विमानं येतायत. तिन्हीकडं एकदम."

"बॉम्ब टाकायला?" मी विचारलं.

"नाही. विमानच बॉम्ब. आत माणूस बसलेला. तो परत जाणारच नसायचा."

मी हसायची तयारी करून बसलो होतो, ती तशीच राहिली.

त्या वेळी ते मिसरूड फुटलेला पोरगा होते. काम बोटीच्या पोटात, तोफेचे गोळे वर पाठवायचं. खाली भट्टीसारखी गरमी. लढाई सुरू झाली की डोक्यावरचं लोखंडी झाकण बाहेरून बंद. आग किंवा पाणी तिथं शिरलं तर बाकीची बोट वाचावी म्हणून.

"आणि तुम्ही?"

"आम्ही आत." त्यांनी भज्यावर बोट ठेवलं. "खाली काही दिसत नाही. नुसते कान. आधी तोफा. मग विमान खाली येतं त्याची शिट्टी. मग ती शिट्टी थांबते. धडाक्याचं काही नाही. धडाका ऐकू आला म्हणजे आपण आहोत. मधे जे गप्प होतं ना, ते अजून ऐकू येतं मला."

"मग? झाकण कुणी उघडलं?"

त्यांनी बोटाखालचं भजं माझ्याकडं सरकवलं. म्हणाले, "ते भजं खा. गार होतंय."

ते भजं मला गिळवेना. मी, जो लोकांच्या ताटातलं उरलेलं खातो.

आता त्या पहाटेचं. मुलगी हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होती. घरात आम्ही दोघंच. बायकोनं मला उठवलं, पाटावर बसवलं, तेल चोपडलं, उटणं लावलं. बादलीत कढत पाणी काढून ठेवलं. पायाखाली चिरडायला कारीट इथं कुठलं मिळायला, म्हणून ती दरवर्षी चेरी टोमॅटो ठेवते. मी डाव्या टाचेनं तो फोडला, गोविंदा गोविंदा केलं. आंघोळीआधी पहिला फटाका, हा आमच्या आळीचा नियम. म्हणून तसाच, पंचा गुंडाळून, तेलानं निथळत, पायात जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून मागच्या अंगणात गेलो आणि डब्याची वात पेटवली.

झाड नव्हतं ते.

डब्यातून एक ठिणगी सुटली आणि वर जाताना तिनं अशी लांब, बारीक शिट्टी मारली की माझ्या कानात कळ गेली. मग शिट्टी थांबली. सगळं गप्प. मग वर ठो! आणि लगेच पुढची शिट्टी.

मला आजोबांची आठवण झाली. मी कुंपणावरून बघितलं. किचनचा दिवा चालू होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो विझला.

"अगं, पाणी आण! पाणी!" मी ओरडलो. डबा थांबेना. बायकोनं आंघोळीची बादली आणली, मी ती त्या डब्यावर उपडी केली. निम्मं पाणी माझ्या पायावर. डबा फसफसला आणि मेला.

"आजोबा!" मी हाक मारली.  परत मारली. शेजारची काळी खिडकी तशीच.

"अहो, उभे काय? जा ना!" बायको म्हणाली.

मी मुळात भित्रा आहे. घरात मोठा वेटा किडा शिरला की मी खुर्चीवर चढतो आणि बायको झाडू आणते. मी तिला म्हटलं, "तू जा, मी इथं लक्ष ठेवतो." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी कुंपणाची सैल फळी सरकवून पलीकडं गेलोसुद्धा.

मागचं दार नुसतं लोटलेलं. आत मिट्ट काळोख. माझे दात वाजत होते. मला वाटलं, थंडीनं. पण पायाला तर चटके बसले होते. भिंतीवर बटण शोधताना तेलाचा हात घसरला. अंदाजानं बेडरूमपर्यंत गेलो. पलंग रिकामा. ब्लँकेट नाही. परत फिरलो तर कशाला तरी अडखळून आपटलो. हात लावून बघितलं, त्यांचा वॉकर. पॅसेजमध्ये आडवा. वॉकरशिवाय आजोबा दोन पावलं टाकत नाहीत.

मी पंच्यात खोचलेल्या फोनवरून पोरीला फोन लावला.

"अगं, आजोबा गेले!"

"गेले म्हणजे? बाबा, पल्स बघितली?"

"पल्स बघायला माणूस नको का? सापडतच नाहीयेत!"

"मग गेले काय म्हणता! ओरडू नका. आधी शोधा. नाही सापडले तर अँब्युलन्सला वन-वन-वन लावा. मी लाइनवर आहे."

मी फोनचा लाइट लावला. खाली बघितलं. त्यांच्या फिक्या कार्पेटवर लाल डाग. एक, मग पुढं एक. दारापासून पलंगापर्यंत. ओला, ताजा लाल.

मी जी किंकाळी मारली ती म्हणे पलीकडच्या डेअरीवाल्यानं ऐकली. बायको धावत आली. मी भिंतीला टेकून खाली बसलो होतो. "रक्त... मी मारलं त्यांना... रक्त..."

तिनं वाकून डागाला बोट लावलं. "अहो, बिया आहेत ह्यात."

"काय?"

"टोमॅटो. तुमच्या टाचेचा, जँडलमधून गळलेला."

फोनमधून पोरगी म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा."

हसू कुणालाच आलं नाही. कारण डाग माझे निघाले तरी आजोबा नव्हतेच. बायको पुढच्या दाराकडं गेली. मी तिथंच वॉकरशेजारी बसून राहिलो. मनात एकच चाललं होतं. शिट्टी त्यांनी एवढ्या वर्षांमागं ठेवलेली, मी ती त्यांच्या कुंपणापाशी नेऊन वाजवली. नो साउंड म्हणालो होतो. आता कुठंतरी पडले असतील आणि परत उठणार नाहीत. पोलीस विचारतील, काय केलंस, आणि मी पंच्यात उभा राहून सांगणार, सण केला.

वॉकर पॅसेजमधल्या कपाटासमोर आडवा होता. इथल्या घरात असतं ते, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. टॉवेल-चादरी उबेला ठेवतात त्यात. त्या दाराच्या फटीतून गरम हवा माझ्या खांद्याला लागली. आणि मला ते भजं आठवलं. भट्टीसारखी गरमी. झाकण बंद. नुसते कान.

दार ओढायला मी हात पुढं केला आणि मागं घेतला. आत माणूस कसा असेल? असेल का? उघडलं आणि अंगावर पडला तर? मी दारावर टकटक केली. काहीच नाही. परत केली. कान लावला. टाकीची गुरगुर, दुसरं काही नाही. एवढं गप्प मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग आतून, अगदी हळू, "संपलं का?"

 मी दाराच्या फटीला तोंड लावून म्हटलं, "संपलं, आजोबा. फिनिश. ऑल फिनिश."

"बाहेरून उघड."

मी उघडलं. टाकीला पाठ लावून, चादरींच्या गठ्ठ्यावर ते बसले होते. ब्लँकेट डोक्यावरून घेतलेलं. चेहरा राखेसारखा. दोन्ही हात कानांवर होते ते त्यांनी खाली घेतले. मी हात पुढं केला. त्यांनी धरला, तो तेलानं सटकला. परत धरला, परत सटकला. शेवटी बायकोनं त्यांना काखेत धरून उभं केलं आणि मला म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा."

पोरीनं फोनवरून सांगितलं तसं बायकोनं नाडी धरली, श्वास बघितला, खुर्चीत बसवलं. मी चहा केला. निम्मा बशीत सांडला. बायकोनं घरून चकल्या आणि बेसनाचा लाडू आणला. हळूहळू आजोबांच्या ओठांना रंग आला. बाहेर उजाडलं होतं.

"सॉरी, आजोबा," मी म्हटलं. "बॉक्समध्ये फ्लॉवर होतं."

त्यांनी कपाटाकडं बघितलं. मग सावकाश म्हणाले, "तू विचारलं होतंस, झाकण कुणी उघडलं. आमच्या बोटीच्या स्वयंपाक्यानं. वर सगळं पेटलेलं, अधिकाऱ्यांना वेळ नव्हता. त्याला आमची आठवण आली. त्यानं आधी टकटक केली. आम्हाला वर ओढताना तो आमच्यापेक्षा जास्त थरथरत होता."

 मी बायकोकडं बघितलं, छाती काढली आणि म्हटलं, "ऐकलंस? स्वयंपाकी! म्हणजे अगदी माझ्यासारखा!"

आजोबांनी मला जँडलपासून वर न्याहाळलं. तेल, उटणं, गुडघ्याच्या वर गेलेला ओला पंचा. लाडवाचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले,

"त्यानं पँट घातली होती."